सांगलीत बॉर्डरलाइन क्लायंटबरोबर काम सुरू करताना

क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करून सांगली-मिरजेकडे परतलेली मुलं मला आधी हेच विचारतात: बॉर्डरलाइन क्लायंटसाठी, म्हणजे भावना झटकन टोकाला जाणाऱ्या आणि कुणी सोडून जाईल या धास्तीत जगणाऱ्या माणसांसाठी, केर्नबर्ग वाचू की फोनागी? दोघेही वाचा. मनोविश्लेषक ऑटो केर्नबर्ग यांनी 1967 मध्ये बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व-रचनेची मांडणी केली. अशा क्लायंटला समोरचा माणूस एक तर देव वाटतो, नाही तर दैत्य. चांगलं-वाईट एकाच माणसात असू शकतं हे मनात टिकत नाही. त्यातून उभी राहिलेली ट्रान्सफरन्सवर, म्हणजे जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टकडे वळण्यावर, भर देणारी थेरपी आठवड्यातून दोनदा चालते. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांच्या मेंटलायझेशनवर आधारलेल्या थेरपीचा भर वेगळा. भावना भडकल्या की आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं जमेनासं होतं, तेच ही थेरपी पुन्हा जमवू पाहते. कोचावर झोपवून थेरपिस्टनं मागं गप्प बसायचं, असं दोन्हींत नाही.

पण आपल्या भागात सगळ्यात आधी लागतो तो करार. वेळ, फी, रजा, रात्रीचा फोन, स्वतःला इजा करावीशी वाटली तर कुणाकडे जायचं, हे थेरपी सुरू होण्याआधी बोलून ठरवायचं. जतहून एसटीनं येणारी मुलगी दोनदा कशी येणार? एक सेशन समोर, एक व्हिडिओवर, ही तडजोड मी मान्य करते. वेळ मात्र ठरलेलीच. वडील बाहेर बसलेले असतात आणि निघताना विचारतात, ‘काय म्हणाली ती?’ त्यांना काय सांगायचं, काय नाही, तेही तिच्यासमोरच ठरलेलं हवं. गणपती पेठेत समोरासमोर आलो तर ओळख मी आधी दाखवणार नाही, हेसुद्धा. एवढ्याशा गावात हे घडतंच.

करार कशासाठी, ते 2019 च्या महापुरानंतर नीट दिसलं. पाणी ओसरेपर्यंत क्लिनिक बंद होतं. नंतर कुणी आलंच नाही, कुणी येऊन म्हणालं, ‘तुम्हाला सुटकाच हवी होती.’ अशा वेळी पुराची सबब पुढं करायचा मोह होतो, कारण ती खरीच असते. तरी आधी विचारावं, ‘मी तुम्हाला टाकून गेले, असं वाटलं का?’ आई-वडिलांनी, नवऱ्यानं, मैत्रिणीनं सोडून जाण्याची जी धास्ती आजवर नुसती ऐकत होतो, ती त्या क्षणी आपल्या दोघींमध्ये जिवंत असते. मला तरी खरं काम तिथंच होताना दिसलं आहे.

‘मॅडम, तुम्हीच मला समजून घेतलंत, आधीच्या सगळ्यांनी वाटोळं केलं’ हे वाक्य तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकू येईल. बरं वाटेल. त्या बरं वाटण्याची नोंद करा आणि सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या कामाची चर्चा होते तिथं, न्या. रात्री झोप न लागणं, फी मागायला जीभ न रेटणं, सेशन आपसूक लांबणं, हेही तिथंच बोलायचं. पुण्या-मुंबईचे सुपरवायझर ऑनलाइन भेटतात; त्याचे पैसे वाचवू नका.

सुरुवातीला असे एक-दोनच क्लायंट घ्या. औषधं आणि आणीबाणीसाठी कोणत्या सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं, ते त्यांच्याशी बोलून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कराराच्या कागदावर लिहा. क्लायंटच्या हाती तो कागद मराठीत द्या.