कापसाच्या मुलखातून गार पाण्यात: कयाकिंगचे थंडीचे कपडे स्वस्तात कसे जमवायचे

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला गेला की माणूस माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेतो, त्यामुळे गार पाण्याचीपण भीती असते हे आपल्याला पटतच नाही. मी जळगावचा. पहिल्यांदा ऋषिकेशला कयाकिंग, म्हणजे अरुंद होडीत बसून ती पॅडलने (दोन टोकांच्या वल्ह्याने) चालवणं, शिकायला गेलो ते जानेवारीत, अंगात कॉटनचा टी-शर्ट, वरून कॉटनचीच हुडी, खाली ट्रॅकपँट. शिवपुरीच्या खाली पहिल्यांदा होडीसकट उलटा झालो, पाणी डोक्याला लागलं आणि श्वासच अडकला, रोल करणं, म्हणजे आत बसूनच होडी सरळ करणं, तर सोडाच, स्प्रे स्कर्ट (होडीच्या तोंडावर कमरेभोवती बसणारं झाकण) सोडवायचा पट्टा कुठंय तेच हाताला सापडेना. कसाबसा बाहेर निघालो तर हुडी अशी जड झालेली की किनाऱ्यावर दोघांनी ओढून काढली.

तर पहिली गोष्ट हीच, भो. आख्खा खान्देश कापसावर जगतो, पण गार पाण्यात कापूस आपला नाही. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो, अंगाची ऊब त्या पाण्यातून निघून जाते, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ऊब ओढतं. पॉलिस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही, लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. म्हणून जीन्स, बनियन, कॉटनचे मोजे सगळं हॉटेलवर ठेवायचं.

दुसरं म्हणजे कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे. आपली पोरं एप्रिल-मेच्या सुट्टीत जातात, वर ऊन चटचट लागतं, म्हणून बर्म्युडावर उतरतात. पण तेव्हाच वरचा बर्फ वितळून येत असतो, देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळून जे पाणी खाली येतं ते भर उन्हाळ्यातपण हात बधिर करतं. रायगडातल्या कोलाडच्या कुंडलिका नदीचं तसं नाही, तिथं एवढा सरंजाम लागत नाही, त्यामुळे फक्त कोलाडच करणार असाल तर हे सगळं वाचून खर्चात पडू नका.

आता खर्चाचं. ड्रायसूट म्हणजे आत थेंब न जाणारा सूट, नवा चांगला घ्यायचा तर लाखाच्या घरात जातो, शिकाऊ माणसाने त्याचा विचारच करू नये. आपल्याला पाहिजे बिनबाह्यांचा वेटसूट, 3 मिलीमीटरचा. तो पाणी आत येऊ देतो पण पातळ थर अडकवून ठेवतो आणि तो थर अंगाच्या उबेने कोमट होतो. बिनबाह्यांचा का, तर पॅडल मारताना खांदे मोकळे राहतात, पूर्ण बाह्यांचा जाड सूट घातला की अर्ध्या तासात दंड भरून येतात.

हा सूट स्वस्तात कुठं मिळेल? एक तर मालवण-तारकर्लीकडे स्कूबावाले आहेत, त्यांचे भाड्याचे सूट घासले की ते बदलतात, जुने विकणार का म्हणून विचारायला काय जातंय. दुसरं, ऋषिकेशलाच सीझन संपताना. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं, त्याआधी जूनमध्ये चौकशी करा. बाहेरदेशचे पॅडलर परत जाताना विमानाच्या वजनामुळे सामान विकून जातात, मला माझं पॅडलिंग जॅकेट, म्हणजे वल्हवताना वर घालायचं पाणी अडवणारं जॅकेट, असंच मिळालं, चहाच्या टपरीवर सौदा झाला. आणि डेकॅथलॉनमध्ये पोहण्या-सर्फिंगचे सूट असतात, ऑफ सीझनला बघत राहायचं.

जुना सूट घेताना मात्र बैल घेतल्यासारखा बघून घ्या. गुडघा आणि बूड चिमटीत दाबून बघा, चांगलं निओप्रीन (सूटचं फुगीर रबर) स्पंजासारखं परत फुगतं, मेलेलं असेल तर चपटंच राहतं. शिवण ताणून उजेडासमोर धरा. घालून बघितल्यावर काखेत, पाठीच्या कण्यापाशी पोकळी राहिली तर कितीपण स्वस्त असू दे, नको, तिथून प्रत्येक वेळी नवं गार पाणी आत शिरणार. छोटी चीर असेल तर घाबरू नका, मोच्याकडे चपलांचं सोल्युशन असतं ना, दोन्ही कडांना लावायचं, थोडं सुकू द्यायचं, मग दाबून चिकटवायचं. माझ्या सूटच्या मांडीला असं ठिगळ आहे, तीन सीझन झाले.

सूटच्या आत-वर घालायचं सामान आपल्या गावातच मिळतं. थंडीत स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडे, नाहीतर जळगावच्या फुले मार्केटला, धुळ्याच्या आग्रा रोडला फिरा. फक्त आतलं लेबल वाचा, 100 टक्के पॉलिस्टर लिहिलेलं अंगाला चिकटून बसणारं थर्मल आणि पातळ फ्लीस (लवदार पॉलिस्टरचं उबदार कापड). दुकानदार म्हणेल ‘प्युअर कॉटन आहे, बिनधास्त घ्या’, तेव्हा हसून पुढे निघायचं.

वर वारा अडवायला जॅकेट पाहिजे, पण पावसाळ्याचा ढगळ रेनकोट घालून नदीत उतरू नका, बाह्यांत पाणी भरलं की पोहताच येत नाही. अंगालगत बसणारं विंडचीटर घेऊन टेलरकडून मनगटाला आणि कमरेला रुंद वेलक्रो लावून घेतला तर शिकताना काम भागतं.

हाताचं मला सगळ्यात जास्त कौतुक. जाड हातमोज्याने पॅडलची पकड जाते, म्हणून पोगी वापरतात, म्हणजे पॅडलच्या दांड्यावर बसवायचं टोपडं, आत हात उघडाच राहतो आणि दांडा थेट पकडता येतो. विकतची महाग. मी लॅपटॉपचं जुनं निओप्रीनचं कव्हर घेऊन टेलरकडे गेलो, त्याने उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, ‘हे लहान लेकराचं कुंची आहे का काय?’ समजावून सांगितलं तेव्हा दोन नग शिवले, दांड्याभोवती वेलक्रो, हाताकडचं तोंड रुंद. ते तोंड रुंदच ठेवा, उलटं झाल्यावर हात एका झटक्यात बाहेर आला पाहिजे, आधी बसल्या जागी दहा वेळा करून बघा. भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि आत पातळ लोकरीचे हा जुगाडपण लोक करतात, संथ पाण्यात ठीक आहे, रॅपिडमध्ये (उसळत्या पाण्यात) पॅडल निसटतं.

पायाला निओप्रीनचे मोजे आणि वर एक नंबर मोठे जुने स्पोर्ट शूज, लेस आत खोचून, लोंबती लेस कशात अडकली तर वांधे. डोक्याला पोहायची सिलिकॉनची टोपी हेल्मेटखाली, एवढ्याशा टोपीने उलटं झाल्यावर कपाळात जी कळ जाते ती बरीच कमी होते.

हेल्मेट आणि लाइफ जॅकेटमध्ये मात्र जुगाड नाही. बाइकचं, सायकलचं हेल्मेट चालत नाही, ईएन 1385 (पाण्यातल्या हेल्मेटचं मानक) छाप बघा. लाइफ जॅकेटवर आयएसओ 12402 बघा आणि फ्लीस, सूट सगळं घालून मगच मापाचं घ्या. पैसे कमी असतील तर हे दोन्ही शिकवणाऱ्याकडून भाड्याने घ्या आणि तुमचे पैसे सूटला घाला.

सगळं जमलं की थेट गंगेत ट्रायल नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडेपण पहाट चांगली गार असते, केळीवाले विचारा. तेव्हा कुणाच्या शेततळ्यावर, पण एकटं अजिबात नाही, प्लास्टिकचा कागद एवढा निसरडा असतो की पट्टीचा पोहणारापण वर येऊ शकत नाही, म्हणून कमरेला दोर आणि काठावर दोघं धट्टेकट्टे. दहा मिनिटं गळ्याएवढ्या पाण्यात थांबायचं, मग बोटांनी लाइफ जॅकेटचं बक्कल उघडून परत लावता येतं का बघायचं. नाही आलं तर हाताचं काहीतरी वाढवा. मग वर येऊन थर्मासमधला चहा, गूळ-शेंगदाणे, आणि कुणाचं वांग्याचं भरीत चालू असेल तर अजून उत्तम.

जपायचं कसं ते माझ्या चुकीतून घ्या. माझ्या पॅडलिंग जॅकेटच्या गळ्याला लॅटेक्स रबरची पट्टी आहे. मी परत आल्यावर ते धुऊन घराच्या धाब्यावर वाळत टाकलं आणि विसरलो, एप्रिलचं ऊन, चार दिवस. काढायला गेलो तर गळा बाभळीच्या डिंकासारखा बोटांना चिकटायला लागला. नवी पट्टी बसवायला जे पैसे गेले त्यात अजून एक फ्लीस आलं असतं. म्हणून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, लॅटेक्सला तेल आणि सनस्क्रीन लागू देऊ नका, ठेवताना टाल्कम पावडर लावा. आणि वेटसूट घडी घालून कोंबू नका, जाड हँगरवर टांगा, पत्र्याच्या खोलीत नाही, घरातल्या सगळ्यात गार खोलीत.