स्टेरॉइड क्रीम लावताय? या चुका टाळा

इसबाचा त्रास असलेल्या घरात अर्धवट वापरलेली एखादी ट्यूब सापडतेच. माझ्याकडेही होती. कोपराच्या आतल्या बाजूला उठलेल्या इसबासाठी डॉक्टरांनी ते क्रीम दोन आठवड्यांसाठी लिहून दिलं होतं, त्यातलं उरलेलं. काही महिन्यांनी कमरेला खाजरा चट्टा उठला आणि मी तेच क्रीम लावलं. दोन दिवसांत खाज गेली. लावणं थांबवलं की चट्टा परत यायचा, मग पुन्हा क्रीम. महिनाभरात तो तळहाताएवढा झाला. डॉक्टरांनी त्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडली, कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि सांगितलं, हे इसब नाही, गजकर्ण आहे, म्हणजे बुरशीचा संसर्ग.

स्टेरॉइड दाह दाबतं. बुरशीला ते मारत नाही, उलट त्वचेचा प्रतिकार मंदावल्यामुळे तिला मोकळं रान मिळतं. एरवी गजकर्णाचं कडं ओळखू येतं: कड उठावदार आणि खवलेदार, मधला भाग निवळलेला. स्टेरॉइडने ही ओळखच पुसली जाते, त्यामुळे निदानाला उशीर होतो. म्हणून ही पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक: जुनी ट्यूब नव्या चट्ट्याला लावणं. दुसऱ्याची ट्यूब वापरणं हीही तीच चूक. डॉक्टरांकडे जाताना आधी काय लावलं आणि किती दिवस, हे न लाजता सांगा. ट्यूबच सोबत नेलेली बरी.

टक्क्यांवरून ताकद ठरवणं

१ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य क्रीम आहे आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे अतितीव्र. आकडा लहान म्हणजे औषध हलकं, हा हिशेब इथे चालत नाही. ताकद औषधाच्या नावावर ठरते. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, अशी मर्यादा आहे. ट्यूब बदलून मिळाली तर नाव वाचा आणि ताकद तीच आहे का, हे विचारून घ्या.

हाताचं क्रीम चेहऱ्याला

सगळीकडची त्वचा सारखी नसते. कोपराखालच्या हातावर जितकं हायड्रोकॉर्टिसोन आत शोषलं जातं, त्याच्या सुमारे ६ पट कपाळावर शोषलं जातं आणि वृषणाच्या त्वचेत सुमारे ४२ पट. तळपायाच्या जाड त्वचेत मात्र जेमतेम सातवा हिस्सा. पायाला लिहून दिलेलं क्रीम चेहऱ्याला किंवा जांघेत लावलं की काय होतं, याचा अंदाज यावरून येईल. चेहऱ्यावर तोंडाभोवती पुळ्या उठतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, लव वाढते. काखेत आणि जांघेत ताणाच्या रेघा उमटतात आणि त्या जात नाहीत. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. रंग उजळावा म्हणून अशी क्रीमं चेहऱ्याला लावणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, आजच डॉक्टरांना दाखवा.

बाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. डायपरखाली लावलेलं क्रीम झाकलं जातं आणि जास्त शोषलं जातं. क्रीम लावून वर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधण्याचंही तेच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय झाकू नका.

भीतीने कमी लावणं

‘अगदी थोडंसं लावा’ असं ऐकून लोक मटाराएवढं क्रीम अख्ख्या पायाला पुरवतात. मग गुण येत नाही, दाह रेंगाळतो आणि शेवटी जास्त दिवस, जास्त तीव्र औषध लागतं. यावर सोपं माप आहे, तुमच्या बोटाचं पेर. ट्यूबचं तोंड साधारण ५ मिलिमीटरचं असेल, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत क्रीमची सरळ पट्टी पिळा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अडीच पेरं, पंजा सोडून एका हाताला तीन, पाऊल सोडून एका पायाला सहा. मुलांसाठीही माप मोठ्यांच्याच बोटाचं. मोठ्यांचे दोन तळहात मावतील एवढ्या जागेला एक पेर.

पट्टी चट्ट्यावर ठिपक्याठिपक्याने टेकवा आणि केसांच्या दिशेने हलकेच पसरा. त्वचेवर पातळ चकाकी राहिली की झालं, चोळून जिरवायची गरज नाही. दिवसातून एकदा किंवा दोनदा, जसं लिहून दिलं असेल तसं. तीनचारदा लावून जास्त गुण येत नाही.

कधी थांबायचं, ते न ठरवणं

खाज गेली म्हणजे इसब बरं झालं असं नाही. डोळे मिटून चट्ट्यावर बोट फिरवा. कडेच्या त्वचेपेक्षा जाड, खरखरीत लागलं तर आत दाह अजून आहे. याच्या उलट, त्वचा मऊ झाली आणि नुसता काळसर डाग उरला, तर तो डाग घालवायला क्रीम लावत राहू नका. तो महिनोन् महिने राहू शकतो आणि आपोआप फिकटतो. स्टेरॉइड लावत राहिलात तर त्वचा पातळ मात्र होईल.

तीव्र क्रीम बरेच महिने चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका. थांबवल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्वचा लालभडक होऊन आग होऊ शकते, कधी मूळ जागेच्या बाहेरही. हे विशेषतः चेहऱ्यावर आणि गुप्तांगाजवळ दिसतं. कमी कसं करायचं, ते डॉक्टर ठरवतील. काहींना इसब निवल्यावरही नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस लावायला सांगतात. तेही त्यांच्याच सल्ल्याने.

मी आता ट्यूबवर पेनाने जागा आणि शेवटची तारीख लिहून ठेवते.

मॉइश्चरायझर आधी की क्रीम आधी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हींमध्ये अर्धा तास ठेवा, म्हणजे औषध पातळ होऊन इकडेतिकडे पसरणार नाही. लावून झाल्यावर हात धुवा, हातालाच लावलं असेल तर अर्थातच नाही. पॅराफिन असलेली मलमं कपड्यात मुरतात आणि असा कपडा झटकन पेट घेतो, म्हणून आगीपासून लांब राहा.

दोन आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर ताकद स्वतः वाढवू नका, पुन्हा दाखवा. चट्ट्यातून पू किंवा पिवळं पाणी येऊ लागलं तरीही दाखवा. आणि इसबाच्या जागी एकसारख्या बारीक, दुखणाऱ्या फोडांचे पुंजके उठले, सोबत ताप असला, तर तो नागिणीसारख्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. क्रीम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मूल असेल किंवा फोड डोळ्याजवळ असतील तर रात्रीतसुद्धा जा.