‘बॉम्बॅस्टिक’मध्ये बॉम्ब नाही, कापूस आहे: या चुका टाळा

वक्ता रंगात आला की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, “काय बॉम्बॅस्टिक बोलतोय!” म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक असतं आणि पहिली चूक तिथेच होते. इंग्रजीत हा शब्द टोमणा आहे. शब्द फुगलेले, आत ऐवज काही नाही. आपला ‘शब्दबंबाळ’ त्याला नेमका बसतो.

दुसरी चूक व्युत्पत्तीची. धडाकेबाज भाषण, म्हणून बॉम्बवरून आलं असेल, असं सर्रास सांगितलं जातं. बॉम्बच्या मुळाशी लॅटिनमधला ‘बॉम्बुस’, म्हणजे घुमणारा आवाज. ‘बॉम्बॅस्टिक’ ज्यापासून झाला तो ‘बॉम्बास्ट’ मात्र ‘बॉम्बॅक्स’वरून, म्हणजे कापसावरून आला. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बॉम्बास्ट म्हणजे कपड्यांत ठासायचा कापूस. पुरुष डबलेट नावाची अंगासरशी बंडी घालत आणि तिला पुढून पोट आणायची फॅशन होती. ते पोट खाऊन-पिऊन नाही, कापूस कोंबून यायचं! फिलिप स्टब्ज या तक्रारखोर गृहस्थाने १५८३ साली लिहून ठेवलंय की एकेका डबलेटात चार, पाच, सहा पौंड बॉम्बास्ट भरतात आणि घालणाऱ्याला धड वाकताही येत नाही. सहा पौंड म्हणजे पावणेतीन किलो. आपली एक हलकी रजईच.

बंडीतून हा कापूस कवितेत शिरायला वेळ लागला नाही. १५९२ साली रॉबर्ट ग्रीन या इंग्रज लेखकाच्या नावावर निघालेल्या पुस्तिकेत एका नवशिक्या नाटककाराला टोला आहे: निर्यमक ओळी ‘बॉम्बास्ट’ करण्यात, म्हणजे ठासून फुगवण्यात, आपण कुणाला हार जाणार नाही असं याला वाटतं. अभ्यासकांच्या मते हा नाटककार म्हणजे शेक्सपिअर.

पॅरासेल्ससचं नाव यात ओढू नका. या स्विस वैद्याच्या नावात ‘बॉम्बास्टुस’ होतं आणि तो बढाईखोरही होता, पण ते त्याच्या घराण्याचं नाव. शब्द त्याच्यावरून आलेला नाही.

आणि ‘बंबाळ’ व ‘बॉम्बास्ट’ कानाला सारखे लागतात म्हणून त्यांचं गोत्र जुळवू नका. मी एकदा जुळवलं होतं, भर वर्गात. खरा नातेवाईक शोधायचाच तर काटेसावरीखाली जा. ज्या सावरीचा कापूस आपण उशीत भरतो, तिचं शास्त्रीय नाव आहे ‘बॉम्बॅक्स सिबा’.