'कव्हर दे' म्हणजे नक्की काय द्यायचं?

बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळताना कोणी "अरे कव्हर दे" ओरडलं की आपली पोरं किल मिळतोय का, म्हणजे समोरचा मरतोय का, ते बघत बसतात. कव्हर म्हणजे ते नव्हे. सप्रेसिव्ह फायर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ कव्हरिंग फायर म्हणतात, त्याचं काम एकच, समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, नेम धरू द्यायचा नाही, आणि तेवढ्या वेळात आपली दुसरी माणसं पुढे गेली पाहिजेत. शत्रूचा एकही माणूस पडला नाही तरी चालेल. पण धडाधड फायर केला आणि कोणी हललंच नाही तर गोळ्या फुकट गेल्या.

एनसीसीत 'फायर अँड मूव्ह' शिकवतात ते हेच. सेक्शन म्हणजे साधारण 10 जणांची छोटी तुकडी, त्यात एक एलएमजी (लाइट मशीनगन) ग्रुप आणि एक रायफल ग्रुप, एकाने झोपून फायर द्यायचा, दुसऱ्याने पळायचं, तो आडोशाला पोचून फायर सुरू करेल तेव्हाच पहिल्याने उठायचं.

आता गोळ्यांचा हिशोब, इथे बहुतेक जण फसतात. आपल्या सैन्याची इन्सास एलएमजी मिनिटाला साधारण 650 गोळ्यांच्या वेगाने फायर करते आणि मॅगझिन 30 गोळ्यांचं, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर तीन सेकंदांच्या आत सगळं रिकामं, आणि तुमचा माणूस अजून उघड्या मैदानात पळतोय! म्हणून छोटे बर्स्ट, म्हणजे एकावेळी थोड्याच गोळ्या, मारायचे, मध्ये दम घ्यायचा, आणि एक जण मॅगझिन बदलत असेल तेव्हा दुसऱ्याची बंदूक चालू पाहिजे. गोळी जवळून गेली तरच माणूस दबतो, दहा फूट वरून गेली तर त्याला काय फरक पडतो, त्यामुळे आवाज करायला फायर नको, जिथून गोळी येतेय तीच खिडकी, तेच बंकरचं तोंड धरायचं. आणि फायर देणारे बाजूला हवेत. मागे सरळ रेषेत बसलात तर पळणारा तुमच्याच गोळीसमोर येतो, मग फायर थांबवावा लागतो.

सगळ्यात अवघड आहे थांबवायचं कधी ते. पहिल्या महायुद्धात 1 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी आधी आठवडाभर 15 लाखांच्या आसपास गोळे टाकले होते, पण हल्ल्याच्या वेळी तोफांचा मारा टाइमटेबलप्रमाणे पुढच्या ओळींवर सरकला आणि पायदळ मागेच राहिलं. तेवढ्या फटीत जर्मन जमिनीखालच्या खोल खोल्यांतून मशीनगन घेऊन वर आले. एका दिवसात ब्रिटिशांचे 57,470 जण मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. नंतर त्यांनी पद्धत बदलली, गोळ्यांचा पडदा हळूहळू पुढे सरकवायचा आणि पायदळाने त्याला अगदी चिकटून चालायचं, स्वतःचाच गोळा लागायची रिस्क घेऊन.

1999 ला कारगिलमध्ये आपल्या 155 मिमी बोफोर्स तोफांनी द्रासच्या बाजूला समोर दिसणाऱ्या शिखरांवर डायरेक्ट, म्हणजे सरळ नेम धरून, फायर केला, तोही याच कामासाठी, वरचे शत्रू बंकरमध्ये दबून राहिले पाहिजेत म्हणजे खालून जवान चढतील. पण शेवटच्या टप्प्यात तोफ थांबवावीच लागते, नाहीतर आपलीच माणसं जातात, आणि तिथून पुढे ग्रेनेड, रायफल आणि संगीन.

मशीनगन दबलेली नसली तर काय होतं ते रायगडमधल्या माणगावच्या लोकांना सांगायला नको. 10 जुलै 1944, इटली, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातलेच. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, मागून कव्हर द्यायला कोणीच उरलं नाही. ते एकटेच धावले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या स्नायपरच्या गोळीने गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.