विश्वास केंद्रस्थानी ठेवायचाय? मग या चुका टाळा

"रोजच्या जीवनात प्रभूला केंद्रस्थानी ठेवायचंय पण जमत नाहीये" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं वाक्य काय येणार ते आधीच कळतं. नवीन विश्वासणारे असोत नाहीतर लहानपणापासून संडेस्कूलला गेलेले, तळमळ खरी असते, पण चुका त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून टाकतो. काही चुकांवर जास्त बोलणार आहे कारण त्यांच्यामुळे चांगली चांगली माणसं विश्वासात मागे गेलेली पाहिली आहेत.

एक वचन उचलायचं आणि बाकीचा अध्याय सोडून द्यायचा

सकाळी फोनवर "आजचं वचन" येतं, छान फोटोवर लिहिलेलं. ते वाचायचं, आमेन टाइप करायचं, स्टेटसला टाकायचं, झालं मनन. कुणाला त्यातून धीर मिळत असेल तर मिळू दे, माझी त्याला हरकत नाही. पण तेवढ्यावरच आयुष्याचे निर्णय घ्यायला लागलात की गडबड सुरू होते.

आमच्या संगतीत, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या गटात, एक तरुण होता, चांगला, मनापासून प्रार्थना करणारा. त्याचा एका नोकरीसाठी इंटरव्ह्यू होता आणि त्याच आठवड्यात त्याला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (२९वा अध्याय, ११वं वचन) मिळालं, तेच ते, देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. त्याने सगळ्यांना सांगून टाकलं की नोकरी माझीच, देवाने शब्द दिलाय. वर कुणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवून महिन्याभरात होईल असंही सांगितलं. नोकरी मिळाली नाही. पुढचीही नाही. मग त्याचं येणं बंद झालं, फोन उचलणं बंद झालं, आणि शेवटी भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "देवाने शब्द दिला होता ना, मग?"

मी वाद घातला नाही. बायबल उघडून त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, २९ नको, २८ पासून वाच, मोठ्याने.

अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. यरुशलेमेतले बरेच लोक ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये राजा यखन्याबरोबर बाबेलला धरून नेलेले, आणि हा मंदिरात उभा राहून सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिराची पात्रं येतील, राजा येईल, नेलेले लोकही येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं जूसुद्धा काढून मोडून टाकतो. आणि यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तेच हवं होतं हो! पण ते देवाकडून आलेलं नव्हतं, आणि तसं त्याने नंतर हनन्याला तोंडावर सांगितलं. हनन्या त्याच वर्षी मेला.

मग २९ येतो, बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र. घरं बांधा, त्यात राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या शहरासाठी! मग दहावं वचन, परत यायला सत्तर वर्षं. आणि त्याच्यानंतर अकरावं, आपलं स्टेटसवालं.

सत्तरचा आकडा वाचून तो तरुण बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच का?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तुझ्यासाठी आहे, पण दहाव्या वचनासकट आहे आणि पाचव्यासकट आहे. दानिएल बघ, तोही बाबेलला नेलेला, म्हातारपणी त्याने यिर्मयाची हीच सत्तर वर्षं वाचली आणि उपास धरून प्रार्थनेला बसला, ते दानिएलच्या नवव्या अध्यायात आहे. मधली सगळी वर्षं तो त्याच परक्या देशात राजांची नोकरी इमानदारीने करत होता आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. हे ऐकल्यावर त्या तरुणाने सांगितलं की त्याच्याकडे एक लहान काम आलेलं आहे पण "देवाचं मोठं वचन" आहे म्हणून तो त्याला नाही म्हणतोय. ते काम त्याने घेतलं. त्याला हवी होती ती नोकरी अजूनही मिळालेली नाही. संगतीला मात्र परत यायला लागला आणि आता कुणी घाईघाईत वचन फेकलं की आधी तोच विचारतो, मागेपुढे काय लिहिलंय?

हनन्या आजही पुष्कळ आहेत आणि त्यांना ऐकणारे त्याहून पुष्कळ, कारण दोन वर्षं ऐकायला बरं वाटतं. घाई झालेल्या माणसाला शॉर्टकट लगेच देवाचा आवाज वाटतो, हे मी परत परत पाहिलंय.

माझी सवय सांगतो. वचन आवडलं की ते मी वहीत हाताने उतरवतो आणि त्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वचनंही उतरवतो, नुसतं ते एक कधीच नाही. हात दुखतो पण डोकं थांबतं. आणि हे लक्षात असू द्या की प्रेषित पौलाने, ज्याची पत्रं नव्या करारात आहेत, पत्रात आकडे घातले नव्हते, अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१च्या एका छापील आवृत्तीतले. पत्र होतं ते, पत्रासारखं सलग वाचा. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच, "मी सर्व काही करायला शक्तिमान आहे" हे परीक्षेत पहिलं येण्याबद्दल नाहीये, पौल तेव्हा कैदेत होता आणि आधीच्याच वचनात उपाशी राहायलाही शिकलोय म्हणतोय.

जानेवारीतला जोश

एका वर्षात अख्खं बायबल! ११८९ अध्याय आहेत, रोज तीनचार तरी वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० मजेत जातात, निर्गमात तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत जोर असतो, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, आणि जानेवारी संपता संपता लेवीय, म्हणजे यज्ञांच्या आणि याजकांच्या नियमांचं पुस्तक, आलं की बायबल बंद. मग वर्षभर अपराधी वाटत राहणं. लेवीयात काही वाईट नाही, मला तर ते आवडतं, पण नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, जे येशूला महायाजक आणि यज्ञ म्हणून समजावतं, ते वाचून मग तिकडे गेलात तर ते उघडतं, सुरुवातीलाच धडकलात तर नाही.

नवीन माणसाला मी वाचायला मार्कचं पुस्तक देतो, येशूच्या जीवनाचं. १६ अध्याय, सगळ्यात लहान शुभवर्तमान, आणि येशू सतत चालताना, बरं करताना, बोलताना दिसतो. एक अध्याय दोनतीन दिवस तोच वाचा. लोकांना हे फार हळू वाटतं, "पुढे काय, पुढे काय" चालू असतं. पुढे काही नाही, इथेच थांबा जरा.

आजारी माणसाला "विश्वास कमी पडतोय" म्हणणं

ही चूक नवीन लोक कमी करतात, जुने जास्त, आणि याचा मला खरंच राग येतो. आमच्यातली एक ताई कित्येक महिने नीट झोपत नव्हती, कारण नसताना रडायची, प्रार्थनेत शब्द फुटायचे नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या. कुणीतरी सांगितलं गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं, तिने त्या अचानक सोडल्या, आणि मग तिला अॅडमिट करावं लागलं. ज्याने सांगितलं तो भेटायलाही आला नाही.

अरे, १ राजे १९ वाचा ना. एलीया संदेष्टा, ज्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी पडला, तो नंतर लगेच रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला ओरडला का? विश्वासावर प्रवचन दिलं का? त्याला झोपू दिलं. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं. परत खायला दिलं, आणि कारण काय सांगितलं, तर वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. पुढे होरेब डोंगरावर देव त्याच्याशी मंद वाणीत बोलला तो प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्याआधी दोनदा झोप आणि दोनदा जेवण आहे हे कुणी सांगत नाही.

पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. सोबतच्या त्रफिमाला आजारी म्हणून मिलेत शहरात ठेवून तो पुढे गेला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. त्याचा सोबती लूक तर वैद्यच होता. या सगळ्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

तर गोळी घ्या आणि प्रार्थनाही करा, आणि गोळी कमीजास्त करायची ती डॉक्टरांना विचारूनच. शब्द फुटत नसतील तर स्तोत्र ८८ उघडा, ते अंधारातच संपतं, शेवटी "पण तरीही" वगैरे काही नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. मी अशा माणसाजवळ बसतो तेव्हा ते मोठ्याने वाचतो आणि गप्प बसतो. सल्ले देत नाही.

केंद्रस्थानी म्हणजे जास्त मीटिंगा असं समजणं

सोमवारी उपासप्रार्थना, बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी क्वायर प्रॅक्टिस, रविवारी तर दिवसभर, आणि घरी आई आजारी आहे तिच्याजवळ बसायला कुणी नाही. येशूने यावर अगदी स्पष्ट बोललेलं आहे, मार्क ७ मध्ये. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून हात झटकणाऱ्यांना तो म्हणाला की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. आणि पौल म्हणतो जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय. एवढं कडक आहे ते.

कलस्सैकरांस ३:२३, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे पाळकांना नाही, दासांना लिहिलंय, ज्यांच्या हातात स्वतःचा एक तासही नव्हता. म्हणून ऑफिसची फाईल, भांडी घासणं, आईची औषधं, हे सगळं भक्तीच्या बाहेरचं आहे हे डोक्यातून काढा. कुणी नवीन जबाबदारी घ्यायला आला की मी आधी विचारतो, घरी काय परिस्थिती आहे? बऱ्याच जणांना ते आवडत नाही.

येशूला घरी घेऊन सरबराईत गुंतलेल्या मार्थेवर मात्र सगळे उगाच घसरतात. लूक १० मध्ये प्रभूने तिला टोकलं ते ती फार गोष्टींची दगदग करत होती म्हणून, पण योहान ११ मध्ये "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" हे तिनेच म्हटलंय, तेही भाऊ कबरेत असताना.

आणि बारीकसारीक

प्रार्थना म्हणजे नुसती मागण्यांची यादी नको, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आधी बापाचं नाव, राज्य, इच्छा आणि मग भाकर, तीही आजच्यापुरती. उठल्याउठल्या फोन हातात घेऊ नका, माझा रात्री दुसऱ्या खोलीत असतो आणि अलार्मला साधं घड्याळ आहे. अॅपवर बायबल वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद. पापकबुली "काही चुकलं असेल तर" अशी मोघम करू नका, नाव घेऊन करा. एकट्याने विश्वास चालवायला जाऊ नका, ऑनलाइन मेसेज ऐकला म्हणजे मंडळीत गेलो असं होत नाही, तुम्ही आला नाहीत हे तिथे कुणाच्या लक्षात येतं का? आजारपणाने घरीच असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मंडळीने तुमच्याकडे यायचं.

आणि एखादा दिवस चुकला, आठवडा चुकला, तर मागचं भरून काढायला बसू नका. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोज सकाळी नवा मिळायचा, शब्बाथ (विसाव्याचा दिवस) सोडून साठवलेल्याला किडे पडायचे. सुटलेले अध्याय तसेच सोडा, आजचा वाचा.