पीएचडीला ॲडमिशन घेताय? गाईड फायनल करायच्या आधी हे बघून घ्या

आमच्या डिपार्टमेंटला दरवर्षी नवीन पोरं येतात, नेट (पीएचडी आणि प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघालेलं असतं, घरचे खूश असतात, आणि गाईडला, म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शकाला, विचारायचे सगळे प्रश्न विषयाबद्दलचेच असतात. विषय पुढे थोडाफार बदलता येतो हो, पण पाच-सहा वर्षं कुणाच्या हाताखाली आणि कुठल्या परिस्थितीत काढायची ते आधीच बघायला पाहिजे, म्हणून हे लिहितेय.

आधी गाईडकडे जागा खरंच आहे का ते बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमाप्रमाणे प्रोफेसरला 8, असोसिएटला 6 आणि असिस्टंटला 4 एवढेच पीएचडी स्कॉलर घेता येतात, आणि रिटायरमेंटला 3 वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन कुणाला घेताच येत नाही. कुणाकडे कोण आहे, विषय काय, ॲडमिशन कधीची ही यादी विद्यापीठाने वेबसाईटवर टाकायची असते. एकाच सरांकडे दोन-तीन जण सहा वर्षं होत आली तरी अडकलेले दिसले तर त्यांना बाहेर चहाला घेऊन जा आणि विचारा, लॅबमध्ये नका विचारू, तिथे कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

जेआरएफ (नेटमध्ये वरचे मार्क असतील तर मिळणारी फेलोशिप) नसेल आणि नुसत्या नेटवर ॲडमिशन असेल तर 70 टक्के वजन नेटच्या स्कोअरला, 30 टक्के इंटरव्ह्यूला. त्या 30 मधले मार्क कशाला किती ते आधीच जाहीर करायला हवं असं माझं ठाम मत आहे, विषय पक्का असलेली गावाकडची पोरगी फक्त इंग्रजीत अडखळली म्हणून मागे पडलेली मी बघितलीय.

आता पैसे. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिन्याला 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच फेलोशिपचा वरचा टप्पा) झाली की 42,000, वर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता. पण दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर कन्फर्मेशन गेलं नाही तर खात्यात काही येत नाही. माझं एसआरएफचं अपग्रेड सात महिने रखडलं. त्यासाठी काम तपासणाऱ्या कमिटीत बाहेरचा एक्सपर्ट लागतो, त्यांची तारीख मिळेना, मिळाली तर मीटिंगनंतर फाईल कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही, रूमचं भाडं दादा भरत होता आणि मला त्याचा फोन उचलायची लाज वाटायची. शेवटी फाईल सापडली ती क्लार्कच्या टेबलावर, गठ्ठ्याच्या तळाशी, एक सही राहिली होती म्हणून. तेव्हापासून मी एक वही केली, कुठला कागद, कुठल्या तारखेला, कुणाच्या टेबलावर, इनवर्ड नंबर (ऑफिसात कागद जमा झाल्याचा आवक क्रमांक) काय. प्रत्येक अर्जाची झेरॉक्स ठेवा आणि तिच्यावर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

सुट्टी मागायला पण घाबरू नका, जेआरएफला सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला 30 दिवस मिळतात. आणि मुलींनो, पीएचडीच्या सगळ्या काळात मिळून 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा घेता येते. आमच्या लॅबमधली एक जण चार महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे ठेवून परत आली, कारण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज करताना त्या नियमाची प्रिंट मागे जोडा, आणि त्याच्यावर पण इनवर्डचा शिक्का घ्या.