किराणा भरायला निघण्याआधी

आदल्या रात्री जेवणं उरकली की वही-पेन घेऊन ओट्यापाशी उभं राहायचं आणि एकेक डबा उघडून पाहायचा. नुसता हलवून घेतलेला अंदाज हमखास चुकतो. तळाशी पावशेर रवा असतो आणि आपण आणखी अर्धा किलो आणतो. प्रत्येक जिन्नसापुढे दोन आकडे लिहा: घरात किती आहे आणि महिन्याला किती लागतं. ‘तेल, साखर, पोहे’ एवढंच लिहिलं असेल तर मांडणीपुढे हात मोठ्या पाकिटाकडेच जातो.

महिन्याचा आकडा आठवणीवर सोडू नका, मांडून काढा. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ जातं. चौघांच्या घरात दोन्ही वेळा माणशी तीन पोळ्या म्हणजे दिवसाला २४ पोळ्या, ७२० ग्रॅम पीठ. महिन्याला साडेएकवीस किलो. रात्री भाकरी किंवा खिचडी होत असेल तर तेवढं वजा करा. तेल माणशी रोज २५ ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला ३ किलो, म्हणजे सुमारे ३.३ लिटर. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर दुकान बदलून काही होणार नाही, आधी तळणाचे वार मोजा. दिवसाला आठ कप चहा आणि कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर धरली तर चहालाच २.४ किलो जाते. पाहुण्यांचा अर्धा किलो वेगळा.

मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. एकादश्या, चतुर्थी, श्रावणातले सोमवार मोजून साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे लिहायचे. पावसाळ्यात मात्र रवा, बेसन, पोहे पंधरा दिवसांपुरतेच. पाच किलोच्या पाकिटात वाचलेले वीस रुपये जाळी धरलेल्या रव्यासोबत कचऱ्यात जातात.

आता यादीचे तुकडे करायचे, कारण सगळं एकाच छताखाली स्वस्त मिळत नाही. डी-मार्ट, स्मार्ट बाजार यांसारख्या ठिकाणी तेल, चहा पावडर, साबण, कपडे-भांडी धुण्याची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं घ्या. छापील किमतीवर खरी सूट तिथेच पडते. डाळी-तांदळाचा भाव तिथे आणि किराणा दुकानात, दोन्हीकडे विचारा. पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. त्यामुळे नाशिकच्या रविवार कारंजाच्या बाजूच्या जुन्या किराणा दुकानात सुटी तूरडाळ कधीकधी स्वस्त पडते, शिवाय दाणा हातात घेऊन बघता येतो. इंद्रायणी, नागली, वरई इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातून ओळखीनं मिळत असेल तर सुपरमार्केटच्या यादीत लिहूच नका. पालेभाजी बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून, दिवस कलताना. तेव्हा जुडीचा भाव उतरतो, पण माल कोमेजलेला असतो, म्हणून दोन दिवसांपुरतीच घ्यायची.

कांद्याचं गणित नाशिककरांना सांगायला नको, तरी चूक होतेच. साठवायचा तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलनंतर निघणारा, मान नीट वाळलेला. तो चार-पाच महिने टिकतो. हिवाळ्यातला लाल कांदा स्वस्त दिसला म्हणून पोतंभर आणला की महिन्याभरात कोंब फुटतात, तो आठवड्यापुरताच आणायचा. चौघांना रोज पाव किलो धरलं तर तीन महिन्यांना साधारण २२ किलो. प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवायचा नाही. वारा लागेल असा पसरायचा आणि बटाट्यापासून लांब. जुना उन्हाळ संपत येतो आणि नवा लाल अजून यायचा असतो, त्या सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये भाव बहुधा चढतो. घरातला कांदा तेव्हासाठी.

वहीच्या मागच्या पानांवर भाव लिहायचे, तेही दर किलोचे किंवा दर लिटरचे. पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, पण तो एमआरपीचा. सूट वजा जाता पडणारा भाव आपणच भागून काढायचा. तेलाला हे सर्वांत जास्त लागू. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, पण शेजारीच ७५०, ८०० आणि ८५० ग्रॅमच्या तशाच दिसणाऱ्या पिशव्या असतात. समजा लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १४५ ला आहे. पहिली किलोला १६५ च्या आत पडते, दुसरी १७० च्या वर. डब्याचंही तेच: १५ लिटरचा डबा साधारण १३.६५ किलोचा, १५ किलोचा त्याहून दीड लिटर मोठा. भाव विचारताना लिटर की किलो हे आधी विचारा.

मोठं पाकीट स्वस्तच असतं असं समजू नका. शाम्पूच्या छोट्या पुड्या मिलिलीटरला बाटलीपेक्षा बरेचदा स्वस्त पडतात. उलट दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याचा भाव तोच राहतो आणि वजन हळूच उतरतं, म्हणून ग्रॅम वाचा. काजू-बदामावरची चाळीस टक्के सूट पाहून भुलायचं नाही. छापील किंमतच फुगवलेली असू शकते. दर किलोचा भाव वहीतल्या भावाशी ताडून पाहा.

पगारानंतरचा पहिला रविवार टाळा. गर्दीत तारखा वाचून होत नाहीत, आणि रांगेत कंटाळलेली मुलं काउंटरजवळची चॉकलेटं उचलतात. मधल्या वारी सकाळी, खाऊन निघायचं. कापडी पिशव्या चार, त्यातली एक जाड, तेल-साबणाची. साबण आणि चहा एका पिशवीत आले तर चहाला वास लागतो. मागच्या रांगेतला माल बघा, नवी तारीख तिथे असते. जोडीवरची सूट असेल तर दोन्ही पाकिटं त्याच प्रकारची आणि वजनाची हवीत, नाहीतर संगणक ती धरत नाही. बिल काउंटर सोडण्याआधी तिथेच वाचा, निदान तेल, डाळ, तूप आणि सूट असलेल्या ओळी.

घरी आल्यावर नवा माल जुन्यावर ओतू नका. डब्यातला जुना काढा, डबा पुसून कोरडा करा, नवा खाली आणि जुना वर. तेलाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख पेनानं लिहा, बिल वहीत टाचा. पुढच्या महिन्यात तेलापुढचा आकडा त्या तारखांवरून भरायचा.